डीएचसीपी रिले

डीएचसीपी रिले ही संगणकीय नेटवर्कातील एक सेवा आहे. ज्या संगणकाला अद्याप आयपी पत्ता मिळालेला नाही, त्याची पत्त्यासाठीची मागणी राउटरच्या पलीकडे असलेल्या डीएचसीपी सर्व्हरपर्यंत पोहोचवणे आणि सर्व्हरचे उत्तर त्या संगणकापर्यंत परत आणणे हे तिचे कार्य होय. ही सेवा बहुधा राउटरवर किंवा राउटिंग करणाऱ्या स्विचवर चालते. या भूमिकेतील उपकरणाला रिले एजंट असे म्हणतात. कार्यालयाचे नेटवर्क अनेक सबनेटांत विभागलेले असले, तरी प्रत्येक सबनेटात वेगळा सर्व्हर न ठेवता एकाच मध्यवर्ती सर्व्हरवरून सर्वांना पत्ते देणे या सेवेमुळे शक्य होते.

अशा नेटवर्कात ‘संगणकाला पत्ता मिळत नाही’ ही एकच तक्रार परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक दोषांमुळे उद्भवू शकते. मागणी आणि उत्तर यांचा प्रवास ठरावीक टप्प्यांनी होत असल्यामुळे तो नेमका कोणत्या टप्प्यावर खंडित झाला हे निश्चित करणे, हा दोषनिवारणाचा पाया मानला जातो.

## पार्श्वभूमी

आयपी नेटवर्कातील प्रत्येक संगणकाला स्वतःचा पत्ता, सबनेट मास्क, बाहेर जाण्याच्या राउटरचा पत्ता आणि डीएनएस सर्व्हरचा पत्ता एवढी माहिती आवश्यक असते. ही माहिती प्रत्येक संगणकावर हाताने भरता येते; परंतु संगणकांची संख्या वाढली की चुका होतात आणि एकच पत्ता दोन संगणकांना दिला जाण्याचा धोका निर्माण होतो. डीएचसीपी या प्रोटोकॉलद्वारे सर्व्हर ही माहिती संगणकाला आपोआप देतो. पत्ता कायमचा न देता ठरावीक मुदतीसाठी दिला जातो. या मुदतीच्या वाटपाला लीज असे म्हणतात. पत्ता मागणाऱ्या संगणकाला क्लायंट ही संज्ञा आहे.

क्लायंटला सुरुवातीला स्वतःचा पत्ता नसतो आणि सर्व्हरचा पत्ताही माहीत नसतो. त्यामुळे तो आपली मागणी ०.०.०.० या पत्त्यावरून २५५.२५५.२५५.२५५ या पत्त्याकडे, म्हणजेच आपल्या सबनेटातील सर्वांना उद्देशून पाठवतो. अशा संदेशाला ब्रॉडकास्ट म्हणतात. राउटर ब्रॉडकास्ट संदेश एका सबनेटातून दुसऱ्या सबनेटात जाऊ देत नाही. तसे न केल्यास प्रत्येक सबनेटातील गोंगाट संपूर्ण नेटवर्कात पसरेल. मात्र याच नियमामुळे पत्त्याची मागणीही राउटरच्या अलीकडेच अडते. ही अडचण दूर करण्यासाठी रिले एजंटची योजना करण्यात आली.

## इतिहास

मध्यस्थामार्फत मागणी पुढे पाठवण्याची कल्पना डीएचसीपीहून जुनी आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील बिल क्रॉफ्ट आणि सन मायक्रोसिस्टिम्समधील जॉन गिलमोर यांनी लिहिलेल्या व सप्टेंबर १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९५१ या दस्तऐवजात बूटपी हा प्रोटोकॉल मांडण्यात आला. स्वतःची डिस्क नसलेल्या संगणकांना नेटवर्कावरून सुरू करता यावे, हा त्याचा मुख्य हेतू होता. या प्रोटोकॉलच्या संदेशात मध्यस्थ यंत्राचा पत्ता लिहिण्यासाठी जीआयॲडर नावाचा चार बाइटांचा रकाना होता. मध्यस्थाने कसे वागावे याचे अधिक काटेकोर नियम ऑक्टोबर १९९३ मधील आरएफसी १५४२ मध्ये देण्यात आले.

बूटपीमध्ये कोणत्या यंत्राला कोणता पत्ता द्यायचा याची नोंद प्रशासकाला आधीच करून ठेवावी लागे. डीएचसीपीने त्यात पत्त्यांचा साठा आणि लीज यांची भर घातली. बकनेल विद्यापीठातील राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलेले त्याचे पहिले स्वरूप ऑक्टोबर १९९३ मध्ये आरएफसी १५३१ म्हणून, तर आजही आधारभूत मानले जाणारे स्वरूप मार्च १९९७ मध्ये आरएफसी २१३१ म्हणून प्रसिद्ध झाले. डीएचसीपीने बूटपीच्या संदेशाची मांडणी आणि पोर्ट क्रमांक तसेच ठेवले. त्यामुळे बूटपीसाठी घडवलेले रिले एजंट डीएचसीपीसाठीही उपयोगी पडले.

## कार्यपद्धती

### चार संदेश

नवीन पत्ता मिळण्यासाठी सामान्यतः चार संदेशांची देवाणघेवाण होते.

1. डिस्कव्हर – क्लायंट सर्व्हरचा शोध घेतो.
2. ऑफर – सर्व्हर एक पत्ता देऊ करतो.
3. रिक्वेस्ट – क्लायंट देऊ केलेल्या पत्त्याची औपचारिक मागणी करतो.
4. ॲक – सर्व्हर वाटप मान्य करून मुदत व इतर माहिती कळवतो.

हे संदेश यूडीपीवरून जातात. सर्व्हर ६७ क्रमांकाच्या पोर्टवर आणि क्लायंट ६८ क्रमांकाच्या पोर्टवर संदेश स्वीकारतो. एकाच देवाणघेवाणीतील संदेश ओळखता यावेत म्हणून प्रत्येक संदेशात क्लायंटने निवडलेला ३२ बिटांचा व्यवहार क्रमांक असतो. उत्तर न आल्यास क्लायंट पुन्हा प्रयत्न करतो. आरएफसी २१३१ नुसार प्रयत्नांमधील अंतर साधारणपणे ४, ८, १६, ३२ सेकंद असे दुप्पट होत जाते.

### रिले एजंटची भूमिका

रिले एजंटला क्लायंटचा ब्रॉडकास्ट संदेश मिळाल्यावर तो प्रथम जीआयॲडर हा रकाना पाहतो. रकान्यात शून्य असेल, तर ज्या इंटरफेसवर संदेश मिळाला त्या इंटरफेसचा स्वतःचा आयपी पत्ता तो तेथे लिहितो. त्यानंतर टप्प्यांची मोजणी ठेवणाऱ्या रकान्यात एकाची वाढ करून तो संदेश थेट सर्व्हरच्या पत्त्यावर पाठवतो. ही मोजणी १६ च्या पुढे गेल्यास संदेश टाकून द्यावा असा नियम आहे. त्यामुळे संदेश रिले एजंटांमध्ये अनंत काळ फिरत राहत नाही.

जीआयॲडर या रकान्याचा उपयोग दोन कारणांसाठी होतो. पहिले म्हणजे, क्लायंट कोणत्या सबनेटात आहे हे सर्व्हरला त्यावरून कळते आणि कोणत्या साठ्यातून पत्ता द्यायचा हे तो ठरवतो. दुसरे म्हणजे, सर्व्हर आपले उत्तर त्याच पत्त्यावर, ६७ क्रमांकाच्या पोर्टवर पाठवतो. रिले एजंट हे उत्तर स्वीकारून क्लायंटच्या सबनेटात पोहोचवतो. राउटर असलेल्या नेटवर्कातील पत्तावाटपाचे बहुतेक दोष या दोन उपयोगांपैकी एकाशी निगडित असतात: एक तर सर्व्हरला सबनेट ओळखता येत नाही, किंवा उत्तराला परतीचा मार्ग सापडत नाही.

### मुदतीचे नूतनीकरण

लीजची अर्धी मुदत संपल्यावर क्लायंट नूतनीकरणाची मागणी करतो. या वेळी त्याला स्वतःचा आणि सर्व्हरचाही पत्ता ठाऊक असतो. त्यामुळे ही मागणी रिले एजंटच्या मध्यस्थीविना, इतर कोणत्याही पॅकेटप्रमाणे थेट सर्व्हरकडे जाते. उत्तर न मिळाल्यास मुदतीचा सात-अष्टमांश भाग संपल्यावर तो पुन्हा ब्रॉडकास्टचा अवलंब करतो आणि तेव्हा रिले एजंट पुन्हा मध्ये येतो. आठ दिवसांच्या लीजमध्ये पहिला प्रयत्न चौथ्या दिवसाच्या अखेरीस आणि दुसरा सातव्या दिवसाच्या अखेरीस होतो.

या रचनेमुळे दोष घडण्याची वेळ आणि तो लक्षात येण्याची वेळ यांत मोठे अंतर पडू शकते. रिले सेवा बंद पडली, तरी आधी पत्ता मिळालेले संगणक थेट नूतनीकरण करून चालू राहतात. अडचण येते ती फक्त नव्याने जोडलेल्या किंवा दुसऱ्या सबनेटातून आलेल्या संगणकांना. त्यामुळे सोमवारी केलेल्या बदलाचा परिणाम पुढील आठवड्यात एखादा नवा कर्मचारी रुजू झाल्यावर दिसून येतो आणि तोपर्यंत त्या बदलाचा संशयही कोणाला येत नाही.

## उदाहरणादाखल नेटवर्क

पुढील विवेचनासाठी तीन सबनेटांचे एक काल्पनिक कार्यालय गृहीत धरले आहे. सर्व्हर १०.२०.१.०/२४ या सबनेटात असून त्याचा पत्ता १०.२०.१.५ आहे. लेखा विभाग १०.२०.१०.०/२४ या सबनेटात, तर पाहुण्यांसाठीचे वाय-फाय १०.२०.२०.०/२४ या सबनेटात आहे. प्रत्येक सबनेटात राउटरचा पत्ता १ या अंकाने संपतो. लेखा विभागातील संगणकाची मागणी राउटरच्या १०.२०.१०.१ या इंटरफेसवर पोहोचते, जीआयॲडर रकान्यात हाच पत्ता लिहिला जातो आणि संदेश १०.२०.१.५ कडे रवाना होतो. सर्व्हर १०.२०.१०.० या सबनेटाच्या साठ्यातून पत्ता निवडून उत्तर १०.२०.१०.१ कडे पाठवतो.

## दोषनिवारणाची पद्धत

### लक्षणांचे वाचन

कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी दोषाची व्याप्ती निश्चित केली जाते. कोणाला पत्ता मिळतो आणि कोणाला मिळत नाही, एवढ्या माहितीवरून बऱ्याच शक्यता बाद होतात.

| लक्षण | अधिक संभवनीय कारण |
|---|---|
| एकाच संगणकाला पत्ता मिळत नाही | केबल, स्विचचा पोर्ट किंवा त्या संगणकातील दोष |
| एका संपूर्ण सबनेटाला मिळत नाही | रिलेची नोंद, परतीचा मार्ग किंवा त्या सबनेटाचा स्कोप |
| फक्त सर्व्हरच्या सबनेटातील संगणकांना मिळतो | रिले सेवा किंवा मधली फायरवॉल |
| कोणालाही मिळत नाही | सर्व्हर बंद असणे किंवा सेवा सुरू नसणे |
| जुन्यांचे चालते, नव्यांना मिळत नाही | पत्ते संपणे किंवा रिले बंद पडणे |
| पत्ता मिळतो, पण तो भलत्याच सबनेटातील असतो | अनधिकृत सर्व्हर किंवा व्हीलॅनची चुकीची जोडणी |

संगणकाला मिळालेला पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असल्यास सर्व्हरकडून काहीही उत्तर आलेले नाही असा अर्थ होतो. उत्तराअभावी संगणक स्वतःच या श्रेणीतील पत्ता घेतो. या पद्धतीचे प्रमाणीकरण मे २००५ मधील आरएफसी ३९२७ मध्ये आहे. असा पत्ता राउटरच्या पलीकडे चालत नाही. त्यावरून दोष कोठे आहे हे कळत नाही, परंतु क्लायंटने प्रयत्न केला होता एवढे मात्र सिद्ध होते.

### स्थिर पत्त्याची चाचणी

बाधित सबनेटातील एका संगणकाला साठ्याबाहेरचा आणि वापरात नसलेला पत्ता तात्पुरता हाताने देऊन त्यावरून सर्व्हरला पिंग केले जाते. पिंगला उत्तर आले, तर केबल, स्विच, व्हीलॅन आणि दोन्ही दिशांचे मार्ग ठीक आहेत. दोष रिले, फायरवॉल किंवा सर्व्हरचा स्कोप यांत असावा असा निष्कर्ष निघतो. राउटरलाच पिंग पोहोचत नसेल, तर दोष त्या सबनेटातच आहे आणि डीएचसीपीचा विचार नंतर करावा लागतो. राउटरपर्यंत पिंग पोहोचून सर्व्हरपर्यंत पोहोचत नसेल, तर प्रथम मार्ग आणि फायरवॉल तपासले जातात; काही सर्व्हर पिंगला उत्तर न देण्यासाठीच बांधलेले असतात, हेही येथे ध्यानात घेतले जाते. चाचणी संपताच हा पत्ता काढून टाकणे आवश्यक असते.

### तीन ठिकाणची पाहणी

टीसीपीडम्प किंवा वायरशार्क यांसारख्या साधनांनी पॅकेटे पाहता येतात. पाहणीची तीन ठिकाणे महत्त्वाची आहेत: क्लायंटचा सबनेट, राउटरची सर्व्हरकडील बाजू आणि स्वतः सर्व्हर. एकच व्यवहार क्रमांक तिन्ही ठिकाणी शोधल्यास पुढील निष्कर्ष काढता येतात.

* क्लायंटच्या सबनेटात डिस्कव्हर दिसतो, पण राउटरच्या पलीकडे दिसत नाही: रिले सेवा काम करत नाही.
* राउटरच्या पलीकडे दिसतो, पण सर्व्हरवर पोहोचत नाही: मधल्या मार्गात किंवा फायरवॉलमध्ये अडथळा आहे.
* सर्व्हरवर पोहोचतो, पण ऑफर निघत नाही: स्कोप नाही, पत्ते संपले आहेत किंवा सेवा बंद आहे.
* सर्व्हरवरून ऑफर निघते, पण राउटरपर्यंत येत नाही: परतीचा मार्ग किंवा फायरवॉल सदोष आहे.
* ऑफर क्लायंटपर्यंत येते, पण रिक्वेस्ट निघत नाही: क्लायंटने ती नाकारली किंवा दुसऱ्या सर्व्हरची ऑफर स्वीकारली.

पॅकेट पाहणे शक्य नसल्यास सर्व्हरच्या नोंदवहीवरून बराच बोध होतो. नोंदवहीत त्या क्लायंटच्या मॅक पत्त्याचा उल्लेखच नसेल, तर दोष सर्व्हरच्या अलीकडे आहे. उल्लेख असून उत्तर दिल्याची नोंद नसेल, तर दोष सर्व्हरवर आहे. ‘जुन्यांचे चालते, नव्यांना मिळत नाही’ या लक्षणाची दोन कारणेही याच कसोटीने वेगळी करता येतात: पत्ते संपले असल्यास सर्व्हर तशी नोंद करतो, तर रिले बंद असल्यास नोंदवहीत त्या क्लायंटविषयी काहीच आढळत नाही.

## सामान्य दोष

### रिलेची नोंद नसणे किंवा चुकीच्या ठिकाणी असणे

रिलेची नोंद क्लायंटच्या बाजूच्या इंटरफेसवर करावी लागते. सर्व्हरच्या बाजूला केलेली नोंद निरुपयोगी ठरते. सिस्को कंपनीच्या राउटरांवर यासाठी ‘आयपी हेल्पर-ॲड्रेस’ ही आज्ञा वापरली जाते. नवीन व्हीलॅन तयार करताना ही आज्ञा विसरणे आणि सर्व्हर नव्या पत्त्यावर हलवल्यानंतर काही इंटरफेसांवर जुनाच पत्ता राहून जाणे, हे नेहमी आढळणारे दोष आहेत. दुसऱ्या प्रकारात काही सबनेट चालतात व काही बंद पडतात. त्यामुळे सर्व्हर निर्दोष असल्याचा समज होतो आणि शोध भलत्या दिशेला जातो.

### परतीचा मार्ग नसणे

सर्व्हर उत्तर जीआयॲडरमधील पत्त्यावर पाठवतो. त्या सबनेटाकडे जाणारा मार्ग सर्व्हरला किंवा मधल्या राउटरांना माहीत नसेल, तर मागणी पोहोचूनही उत्तर हरवते. या दोषाचा शोध घेताना राउटरवरून सर्व्हरला केलेला साधा पिंग फसवा ठरतो. राउटर सामान्यतः पिंगसाठी बाहेर जाण्याच्या इंटरफेसचा पत्ता वापरतो. वरील उदाहरणात तो पत्ता १०.२०.१.१ असेल आणि त्याला उत्तर येणारच. परंतु सर्व्हरला १०.२०.१०.० कडे परत जाता येते की नाही, हे त्यावरून समजत नाही. त्यासाठी पिंगचा उगम-पत्ता १०.२०.१०.१ असा निश्चित करून चाचणी घ्यावी लागते.

### फायरवॉल

फायरवॉलमधून दोन वेगळ्या प्रकारची वाहतूक जाऊ द्यावी लागते. पहिली रिले एजंट आणि सर्व्हर यांच्यातील, जिच्यात दोन्ही बाजूंना ६७ हा पोर्ट असतो. दुसरी नूतनीकरणासाठी क्लायंट आणि सर्व्हर यांच्यात थेट होणारी, जिच्यात ६८ आणि ६७ हे पोर्ट असतात. केवळ पहिलीस परवानगी दिल्यास पत्ते मिळतात, पण अर्ध्या मुदतीनंतरचे नूतनीकरण प्रत्येक वेळी अयशस्वी होते. सात-अष्टमांश मुदतीनंतर ब्रॉडकास्टमुळे काम निभावत असल्याने हा दोष दीर्घकाळ लपून राहतो.

काही उपकरणे मागणी पुढे पाठवताना उगम-पत्ता म्हणून सर्व्हरकडील इंटरफेसचा पत्ता वापरतात. सर्व्हरचे उत्तर मात्र जीआयॲडरकडे जाते. जोडण्यांची नोंद ठेवणाऱ्या फायरवॉलला हे उत्तर आधीच्या मागणीशी जुळत नाही आणि ती ते टाकून देते. म्हणून उत्तराच्या दिशेसाठी स्वतंत्र नियम लिहिणे हितावह ठरते.

### स्कोप नसणे

ज्या पत्त्यांच्या श्रेणीतून सर्व्हर वाटप करतो तिला स्कोप म्हणतात. जीआयॲडरचा पत्ता सर्व्हरवरील कोणत्याही स्कोपच्या सबनेटात बसत नसेल, तर सर्व्हर उत्तर देत नाही. स्कोप तयार करून तो कार्यान्वित न करणे, सबनेट मास्क चुकणे आणि एकाच इंटरफेसवर दोन सबनेट असताना फक्त दुसऱ्याचाच स्कोप असणे, ही त्याची कारणे असू शकतात. तिसऱ्या प्रकारात रिले एजंट बहुधा इंटरफेसचा प्राथमिक पत्ता लिहितो, त्यामुळे सर्व्हरला दुसऱ्या सबनेटाची माहितीच होत नाही. दोन्ही श्रेणी एकाच भौतिक नेटवर्कावर आहेत हे सर्व्हरला कळवणे हा त्यावरील उपाय होय. विंडोज सर्व्हरमध्ये अशा गटाला सुपरस्कोप म्हणतात. ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या डोमेनमधील विंडोज सर्व्हरला पत्तावाटपापूर्वी अधिकृत करावे लागते; तसे न केल्यास स्कोप योग्य असूनही तो मौन राहतो.

### पत्ते संपणे

/२४ च्या सबनेटात संगणकांसाठी २५४ पत्ते असतात. उदाहरणातील पाहुण्यांच्या सबनेटात राउटर, प्रिंटर इत्यादींसाठी ५४ पत्ते राखून २०० पत्ते वाटपासाठी ठेवले आणि लीजची मुदत आठ दिवस ठरवली, असे मानू. रोज ५० नवी उपकरणे येत असतील, तर चार दिवसांत सर्व पत्ते वाटले जातात आणि पाचव्या दिवशी येणाऱ्याला पत्ता मिळत नाही. वास्तविक त्या क्षणी कार्यालयात मोजकीच उपकरणे असतात. पण निघून गेलेल्यांची मुदत संपलेली नसते. मुदत आठ तासांवर आणली, तर तेवढेच पत्ते पुरेसे होतात. हल्लीचे अनेक मोबाइल फोन प्रत्येक वाय-फाय नेटवर्कासाठी वेगळा मॅक पत्ता वापरतात. एकाच इमारतीत दोन नावांची वाय-फाय नेटवर्के एकाच सबनेटाशी जोडलेली असल्यास असा एक फोन दोन पत्ते अडवू शकतो.

### स्विच आणि व्हीलॅन

दोन स्विचांना जोडणाऱ्या दुव्यावर, म्हणजे ट्रंकवर, एखाद्या व्हीलॅनला परवानगी नसेल, तर त्या व्हीलॅनमधील मागणी राउटरपर्यंत पोहोचतच नाही. दुसरा दोष स्पॅनिंग ट्री या प्रोटोकॉलशी संबंधित आहे. त्याच्या मूळ स्वरूपात स्विचचा पोर्ट जोडणीनंतर १५ सेकंद ऐकण्याच्या आणि १५ सेकंद शिकण्याच्या अवस्थेत राहतो. या ३० सेकंदांत क्लायंटचे संदेश पुढे जात नाहीत. ठरलेल्या अंतराने प्रयत्न करणाऱ्या क्लायंटचे ०, ४, १२ आणि २८ व्या सेकंदाच्या आसपासचे चार प्रयत्न त्यामुळे वाया जातात. काही वेळाने हाताने पुन्हा मागणी केल्यास पत्ता लगेच मिळतो, हे या दोषाचे ओळखचिन्ह आहे. संगणक जोडलेल्या पोर्टांना या अवस्था वगळण्याची मुभा देऊन तो दूर करता येतो. दोन स्विच जोडणाऱ्या पोर्टांना मात्र ती देऊ नये.

### अनधिकृत सर्व्हर

घरगुती वापराच्या वाय-फाय राउटरमध्ये डीएचसीपी सर्व्हर बहुधा आधीपासून चालू असतो. असा राउटर कोणी कार्यालयाच्या नेटवर्काला जोडला, तर तो त्याच सबनेटात असल्यामुळे त्याची ऑफर मध्यवर्ती सर्व्हरच्या आधी पोहोचू शकते. काही संगणकांना मग १९२.१६८ ने सुरू होणारे अनपेक्षित पत्ते मिळतात व त्यांचा कार्यालयीन सेवांशी संपर्क तुटतो. क्लायंटवर नोंदवलेला डीएचसीपी सर्व्हरचा पत्ता पाहिल्यास हा प्रकार लगेच उघड होतो.

### स्नूपिंग आणि पर्याय ८२

अनधिकृत सर्व्हरांना आळा घालण्यासाठी स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग ही सुविधा वापरतात. तिच्यात सर्व्हरच्या दिशेचे पोर्ट विश्वासार्ह म्हणून नोंदवले जातात आणि इतर पोर्टांवरून आलेल्या ऑफर व ॲक टाकून दिल्या जातात. राउटरकडे जाणारा पोर्ट विश्वासार्ह म्हणून नोंदवण्याचे राहिले, तर खऱ्या सर्व्हरची उत्तरेही अडतात.

याच सुविधेतील दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. स्नूपिंग करणारा स्विच अनेकदा मागणीत पर्याय ८२ जोडतो. मागणी कोणत्या पोर्टवरून आली याची माहिती त्यात असते. स्विच जीआयॲडर मात्र शून्यच ठेवतो. जानेवारी २००१ मधील आरएफसी ३०४६ नुसार, अविश्वासार्ह जोडणीवरून आलेल्या मागणीत जीआयॲडर शून्य असून पर्याय ८२ आधीच असेल, तर रिले एजंटने ती टाकून द्यावी. त्यामुळे स्नूपिंग सुरू करताच संपूर्ण सबनेटाला पत्ते मिळणे बंद होऊ शकते. स्विचवर हा पर्याय जोडणे थांबवणे किंवा राउटरवर त्या इंटरफेसला विश्वासार्ह ठरवणे, हे दोन उपाय आहेत.

## तात्पुरते उपाय व त्यांचे परिणाम

काम खोळंबू नये म्हणून बाधित संगणकांना हाताने पत्ते देण्याचा मार्ग पुष्कळदा अवलंबला जातो. हे पत्ते वाटपाच्या साठ्यातील असतील, तर पुढे सर्व्हर तेच पत्ते दुसऱ्यांना देऊ शकतो. ज्या क्लायंटला आपल्याला मिळालेला पत्ता आधीच वापरात असल्याचे आढळते, तो डिक्लाइन हा संदेश पाठवून पत्ता नाकारतो. सर्व्हरच्या नोंदवहीत असे संदेश वारंवार दिसणे हे विसरलेल्या स्थिर पत्त्यांचे लक्षण असते. शिवाय डीएनएस सर्व्हर किंवा राउटर बदलल्यावर ही यंत्रे जुनीच माहिती वापरत राहतात. सर्व्हर पुन्हा सुरू करणे हाही असाच उपाय आहे: दोष रिलेमध्ये किंवा मार्गात असेल, तर त्याचा उपयोग होत नाही आणि ज्यांचे काम सुरळीत चालले आहे त्यांची सेवा काही काळ खंडित होते.

पत्ता मिळाला, पण सबनेटाबाहेर संपर्क होत नाही, हा दोष रिलेचा नसतो. अशा वेळी स्कोपमधील राउटरचा पत्ता व सबनेट मास्क तपासले जातात. आयपी पत्त्याने संपर्क होतो, पण नावाने होत नाही, असे असल्यास डीएनएस सर्व्हरचा पत्ता तपासला जातो.

## प्रतिबंधक उपाय

* नवीन व्हीलॅन, त्याचा राउटर-इंटरफेस, रिलेची नोंद, परतीचा मार्ग, फायरवॉलचे नियम आणि स्कोप ही कामे एकाच यादीत ठेवणे.
* बदल केल्यानंतर आधी जोडलेल्या संगणकावर न थांबता, पत्ता सोडून दिलेल्या किंवा नव्या संगणकावर चाचणी घेणे.
* साठ्यातील वापरलेल्या पत्त्यांचे प्रमाण नियमितपणे पाहणे.
* राउटरवर दोन सर्व्हरांची नोंद करताना दोन्ही सर्व्हर परस्परांशी समन्वय साधतात किंवा त्यांचे साठे वेगळे आहेत, याची खात्री करणे; अन्यथा एकच पत्ता दोघांकडून दिला जाऊ शकतो.
* सर्व उपकरणांची घड्याळे जुळलेली ठेवणे, म्हणजे राउटर व सर्व्हर यांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहता येतात.

## आयपीव्ही६ मधील रिले

आयपीव्ही६ साठी डीएचसीपीव्ही६ हा स्वतंत्र प्रोटोकॉल आहे. त्याचे पहिले प्रमाण जुलै २००३ मध्ये आरएफसी ३३१५ म्हणून आणि सुधारित प्रमाण नोव्हेंबर २०१८ मध्ये आरएफसी ८४१५ म्हणून प्रसिद्ध झाले. आयपीव्ही६ मध्ये ब्रॉडकास्ट नसल्याने क्लायंट एका राखीव मल्टिकास्ट पत्त्यावर मागणी पाठवतो. क्लायंट ५४६ आणि सर्व्हर व रिले एजंट ५४७ या पोर्टांवर संदेश स्वीकारतात. येथे रिले एजंट मूळ संदेशात फेरफार करत नाही. तो संपूर्ण संदेश आपल्या वेगळ्या संदेशात गुंडाळून पाठवतो. बाहेर जाण्याच्या राउटरचा पत्ता डीएचसीपीव्ही६ देत नाही, तो राउटरच्या स्वतःच्या घोषणांतून मिळतो. म्हणून आयपीव्ही६ मध्ये पत्ता मिळूनही बाहेर संपर्क होत नसल्यास सर्व्हरऐवजी राउटरच्या घोषणा प्रथम तपासल्या जातात.

## हे सुद्धा पहा

* आयपी पत्ता
* सबनेट
* राउटर
* व्हीलॅन
* डीएनएस